चव्वेचाळीस-सतराच्या बाह्या

हे तुम्हाला पटायचं नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण मी बाईचं तोंड न बघता, नाव न ऐकता, नुसत्या मापाच्या चिठ्ठीवरून सांगत असे, की तिच्या घरात सासू आहे की नाही.

"झालं, मास्तरांनी कात्री चालवली," सायकलवाला इच्छुभाई म्हणाला. रविवारची सकाळ, ओटल्यावर नाश्त्याला लोचोच्या बशा, आणि त्याच्या मिशीला शेव चिकटलेली. "कशावरून सांगायचात?"

"पाठीवरून. ब्लाऊजचा गळा मागून सात इंच खोल असला, की सासू नाही. चार असला, की आहे. आणि आज सात लिहून उद्या चार करायला सांगितलं, म्हणजे सासू गावाला गेली होती, ती लवकर परत आली."

इच्छुभाई हसला. समोरच्या पायरीवर भानुबेन वालपापडी सोलत बसली होती, ती हसली नाही. तिचा भाऊ धनसुख जाऊन अजून दीड महिनाही झाला नव्हता. खरं म्हणजे विषय त्याचाच निघाला होता. इच्छुभाईनेच काढला. "एवढा देवमाणूस, त्याला कामावरून एका दिवसात काढलं कशाला?" असं तो म्हणाला, आणि मी सासूपासून सुरुवात केली. माझी सवयच आहे ती. सरळ रस्त्याने मी नळावरसुद्धा जात नाही.

तर आमचं दुकान फोनातलं. त्याला ना फळी, ना पाटी. बाईने घरबसल्या फोनात कापड निवडायचं, माप भरायचं, की आठव्या दिवशी शिवलेला ब्लाऊज दारात. आसामपासून केरळपर्यंत बायका अंगात आमचे टाके घालून हिंडत होत्या. वरच्या मजल्यावर शेठाणी ऋत्वीबेन आणि तिचा संगणक. खाली उजवीकडे माझी सोळा मशिनं, डावीकडे पॅकिंग, आणि मधोमध एक भिंत.

ती भिंत आधी नव्हती. ऋत्वीबेनने घातली. पोरगी वयाने माझ्या निम्मी, पण बोलली तेव्हा मी खडू खाली ठेवून ऐकलं.

"मास्तर, बाई आपल्याला छातीचं माप देते. ते तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. ती राहते कुठे, दुपारी घरी एकटी असते का, फोन कुठला, सगळं देते. कुणाच्या भरवशावर?"

"दुकानाच्या," मी म्हणालो.

"दुकान म्हणजे कोण? तुम्ही, मी, धनसुखकाका. म्हणून आजपासून ज्याच्याकडे माप, त्याला नाव कळणार नाही. ज्याच्याकडे नाव, त्याला माप कळणार नाही."

मग प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर आला. माझ्याकडे चिठ्ठी यायची ती नुसत्या नंबराची. तोच नंबर आम्ही ब्लाऊजच्या आत, काखेच्या शिवणीत बोटभर फितीवर शिवायचो. पुढच्या वेळी बाईने फक्त नंबर सांगायचा, माप तयार. नाव-पत्ता पलीकडे, धनसुखकडे. कामावर आलं की आमचे फोन दारातल्या पिशवीत जमा. पार्सल पोचवणाऱ्या पोराला बाईचा फोन नंबर दिसायचा नाही, दुकानाचा दिसायचा. सोन्याच्या पेढीवर काय असेल असा बंदोबस्त.

"आणि भिंतीला?" इच्छुभाई म्हणाला.

"भिंतीला खिडकी. वीतभर. शिवलेला माल पलीकडे सरकवायला."

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंड होतं. अलीकडे मी, पलीकडे धनसुख, आणि अकरा वाजता न् चार वाजता चहा.

आता धनसुखचं सांगतो. अंगाने काडी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि डोक्यात चाळीस हजार पत्ते. हसू नका. कापड बाजारात त्याने तीस वर्षं गाठोड्यांवर कुंचल्याने पत्ते रंगवले होते. एकदा लिहिला, की पत्ता त्याच्या डोक्यात वाळायचा. तो शिंकला तरी पिनकोड बाहेर पडायचा. एकदा त्याला ताप चढला, तर बरळण्यात अख्खा राजस्थान येऊन गेला. डॉक्टरने औषधाची चिठ्ठी त्यातल्याच एका पत्त्यावर लिहिली.

"ही थाप," इच्छुभाई म्हणाला.

"ही थाप," मी कबूल केलं. "पण पुढची नाही."

ऋत्वीबेनने त्याच्यापुढे एक कागद ठेवला. संध्याकाळी सहानंतर गिऱ्हाइकांची माहिती डोक्यात ठेवणार नाही, कुणाला सांगणार नाही, असं काहीतरी. धनसुखने तो दोनदा वाचला. म्हणाला, "बेन, सही करतो. पण सहाला सगळे पत्ते विसरलो, तर घरी कसा जाऊ?"

ती हसली नाही. "काका, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही," धनसुख म्हणाला, आणि सही केली.

मग वर्षाअखेर तिने सांगितलं, जुन्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या नष्ट करा, कुणाच्या हाती लागता कामा नयेत. दुसरा कुणी असता तर काडी लावली असती. धनसुख म्हणाला, बायकांची नावं आहेत, सौभाग्यवती आहेत, जाळायची कशी? दोन पोती रिक्षात घालून तापीवर गेला आणि नारळ फोडून विसर्जन केलं. ऋत्वीबेनला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "काका, नदीत कागद टाकले?" तर म्हणतो, "बेन, सगळं पाण्यात विरघळलं. एखादं नाव राहिलंच असेल, तर ते माशांना ठाऊक. आणि ते काही कुणाच्या दारी जात नाहीत."

असा माणूस.

आता आमच्या हातून जे पाप झालं ते सांगतो. दिवसभर मान खाली घालून काम करणारी दोन म्हातारी माणसं, एकाकडे अर्धी बाई, दुसऱ्याकडे उरलेली अर्धी. चहाला काय बोलणार? मी खिडकीतून म्हणायचो, "एकवीस-शून्य-आठ. कंबर दोन इंच वाढली. आनंदाची बातमी आहे." पलीकडून धनसुख म्हणायचा, "भोपाळ. मागच्या वर्षी लग्नाचा पत्ता होता, बरोबर आहे." आम्हाला वाटायचं, यात काय बिघडतं? आम्ही काय कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार होतो? मला ना बहीण, ना बायको. त्या नंबरांच्या बाया, एवढंच माझं गणगोत. कुणाचं बाळंतपण झालं, कुणी वाळली, कुणाला म्हातारपणी लटकनांची हौस आली, सगळं मला ठाऊक. आणि त्या कुठे नांदतात, ते धनसुखला.

त्यातलीच चव्वेचाळीस-सतरा.

पहिला ब्लाऊज तिने मागवला तो जांभळा. बाही पाच इंच, पाठ खोल, मागे नाडी. मी म्हटलं, नवी नवरी. धनसुख म्हणाला, गोंडल. सहा महिन्यांनी दुसरा आला, बाही कोपरापर्यंत. तिसरा मनगटापर्यंत. चौथा आला तो ऐन वैशाखात. गोंडलला वैशाखात कावळेसुद्धा बोलत नाहीत. बाही मनगटापर्यंत, गळा बंद, वर कॉलर. आणि कापड सुती नव्हे, जाड. खालचं अंग आरपार दिसता कामा नये असं.

"एखादीला देवधर्माचं वेड लागतं," धनसुख खिडकीतून म्हणाला.

"देवाला काय, दंड दिसले तर राग येतो?" मी म्हणालो.

दोघांनाही कळलं होतं. त्या दिवशी चहा तसाच निवला. मी तो ब्लाऊज कुणाला दिला नाही, स्वतः शिवला. बाहीच्या आत मऊ मलमलचं अस्तर लावलं, दुखऱ्या जागी टोचू नये म्हणून. याचे पैसे लावायचे नाहीत, असं चिठ्ठीवर लिहून वर पाठवलं. यापलीकडे एक शिंपी काय करणार?

आठ महिने काही आलं नाही. मग एके दिवशी ऋत्वीबेन स्वतः खाली उतरली आणि धनसुखच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून गेली. कोपऱ्यात लाल ठिपका. चव्वेचाळीस-सतराचा पत्ता बदलला होता, आणि खाली त्या बाईने लिहिलं होतं : हा नवा पत्ता कृपा करून कुणालाही देऊ नये, माझ्या घरून कुणी विचारलं तरी देऊ नये.

"काका, हा पत्ता तुमच्या-माझ्यात," ऋत्वीबेन म्हणाली. "बाकी कुणी नाही."

"नाही बेन," धनसुख म्हणाला.

त्याच दिवशी माझ्याकडे तिच्या मापाची चिठ्ठी आली. मी वाचली, आणि खिडकीत तोंड घालून म्हणालो, "धनसुख, बाही पाच इंच."

तो खिडकीशी आला आणि त्याने चष्मा पुसला. "सुटली म्हणायची."

"कुठे आहे?"

सांगायला नको होतं त्याने. पण आनंद पोटात मावेना, माणूस कुणाजवळ बोलणार? म्हणाला, "बिलिमोऱ्याला. पत्ता तर ऐक मास्तर, गंमत आहे. गुळाच्या वखारीमागे, पोपटवाल्या सविताबेनच्या वरची खोली." आम्ही दोघं हसलो. बाई गुळाच्या वासात राहते, खाली पोपट बोलतो, आणि बाही पाच इंच. मी तिच्या गळ्याला न मागता आरशांची पट्टी लावली. धनसुखने चौकातून जिलेबी आणली आणि खिडकीतून निम्मी मला दिली.

त्यानंतर दिवाळी आली.

लाभपाचमीपर्यंत सगळी सुरत बंद. कारखानाही बंद. पण पुढे लग्नसराई, माल तुंबलेला. म्हणून आम्ही दोघं म्हातारे किल्ली मागून घेऊन आत बसलो होतो. मी कापत होतो, तो बांधत होता. रस्त्यावर कुत्रं नाही. दुपारी एकजण आला. तिशी-पस्तिशीचा, स्वच्छ झब्बा, एका हातात घारीचा डबा, दुसऱ्या हातात साडीची पिशवी. पायरीपाशी चपला काढल्या त्याने. लक्षात घ्या, कारखान्यात कुणी चपला काढत नाही.

"काका," तो म्हणाला, "बहिणीकडे जायचंय, आणि बहीण कुठे राहते ते माहीत नाही."

"मग आम्हाला कसं माहीत असणार?" धनसुख म्हणाला.

त्याने पिशवीतून एक ब्लाऊज काढला. जांभळा. काखेतली फीत उलटून दाखवली. चव्वेचाळीस-सतरा. माझाच टाका.

"आमच्याकडे राहिला होता हा तिचा. जावयाशी भांडण झालं, मी मध्ये पडलो नाही, ती रुसली. रुसायचंच तिने. घर बदललं, फोन उचलत नाही. दोन वर्षं कपाळाला टिळा नाही. आई म्हणाली, तुमच्या दुकानातून कपडे घेते, तिथे विचार."

"आम्ही पत्ता देत नाही," धनसुख म्हणाला. "नियम आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. वाद घातला असता, दमदाटी केली असती, पैसे काढले असते, तर तिथेच विषय संपला असता. त्यातलं काही नाही. तो पायरीवर बसला. बराच वेळ बसला. मग डबा आत सरकवला. "ही घारी तुम्हीच ठेवा काका. आजच्या दिवशी घरी परत कशी नेऊ? आई विचारेल, जेवलास का बहिणीकडे."

इच्छुभाईची बशी तशीच हातात राहिली होती. "पण मास्तर, तुम्हाला बाह्या ठाऊक होत्या. लाल ठिपका ठाऊक होता. एवढं कळलं नाही?"

"काय कळायचं? नवरा वाईट निघाला म्हणून भाऊही वाईट असतो? उलट वाटलं, बरं झालं, हिला कुणीतरी आहे. इतकी वर्षं बाह्या मोजल्या, कुणी विचारायला आलं नाही. आज एकजण आला, तो टिळा लावून घ्यायला आला. त्याला पायरीवरून परत पाठवायचं? भाऊबीजेच्या दिवशी?"

भानुबेनने सोललेली पापडी टोपलीत टाकली.

"मग?" इच्छुभाई म्हणाला.

"मग काय. धनसुखचा जीव तो. विरघळला. सांगितलं त्याने. गुळाची वखार, पोपट, वरची खोली. तो माणूस पाया पडला आणि चपला हातात घेऊन पळत सुटला. बिलिमोऱ्याची गाडी होती म्हणे."

मार्गशीर्षात तिचं एक पार्सल परत आलं. वर शेरा, घराला कुलूप. आम्ही म्हटलं, माहेरी गेली असेल. भाऊ घेऊन गेला असेल. खिडकीशी आम्ही दोघांनी तसं बोलूनही दाखवलं, एकमेकांकडे न बघता.

पौषात चिठ्ठी आली. चव्वेचाळीस-सतरा. बाही मनगटापर्यंत. गळा बंद, कॉलर. छाती दोन इंच कमी, कंबर दीड इंच कमी. मी चिठ्ठी तीनदा वाचली, आणि खिडकीतून विचारलं, "पत्ता?"

"गोंडल," धनसुख म्हणाला.

तो ब्लाऊजही मीच शिवला. काय करणार? पाच दिवस घेतले. कात्री चालेना. शिवला, खिडकीतून सरकवला, त्याने बांधला, वर पत्ता चिकटवला. हेही आम्हीच केलं. पुन्हा त्याच दारात.

दोन दिवसांनी बिलिमोऱ्याहून फोन आला. पोपटवाल्या सविताबेनचा. दुकानाचा नंबर तिला तेव्हा कुठे सापडला होता. ऋत्वीबेनला ती म्हणाली, नवऱ्याने तिला केसांना धरून जिन्यावरून नेलं, मुली, मी म्हातारी काय करणार, खाली बसून ओरडले. पोरीने आपला पत्ता आईलासुद्धा दिला नव्हता. भाऊ तर तिला नाहीच. ती जाताना एवढंच म्हणाली, की पत्ता फक्त ब्लाऊजवाल्यांकडे होता.

ऋत्वीबेन खाली आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता. तिने पोलिसांत कळवलं, वकील गाठला, सगळं केलं. गोंडलहून उत्तर आलं, बाई म्हणते मी माझ्या मर्जीने आले. असंच उत्तर येतं. मग तिने आम्हा सगळ्यांना उभं केलं. पण विचारायचं कुणाला? शिलाईकडे नुसते नंबर. पत्ता होता तो पॅकिंगकडे, आणि लाल ठिपक्याचा एकट्या धनसुखकडे. भिंत कशासाठी घातली होती? यासाठीच. चूक कुणाची ते लगेच कळावं.

"काका, कुणाला सांगितलंत?"

धनसुखने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. म्हणाला, "माझ्या तोंडून गेला, बेन."

"कसा? कधी?"

"माझ्या तोंडून गेला," एवढंच. दुसरं अक्षर नाही. तिने त्याला त्याच दिवशी काढलं. काढताना ती रडत होती आणि तो तिला पाणी देत होता.

मग तो उधन्याला एका सोसायटीच्या फाटकावर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं काम. महिन्याने सेक्रेटरीने वही उघडली, तर सगळी कोरी. "काका, लिहिता येत नाही का?" तर म्हणाला, "येतं. म्हणून तर लिहीत नाही." तिथूनही गेला. शेवटी शेवटी गल्लीत कुणी कुणाचं घर विचारलं, तरी तो माहीत नाही म्हणायचा. ज्याच्या डोक्यात चाळीस हजार पत्ते, त्याला शेजारचं घर माहीत नाही. एकदा मी त्याला भेटायला गेलो. तो दारातच बसला होता, मोतीबिंदूने दिसत नव्हतं धड. मी विचारलं, धनसुख इथेच राहतो का? म्हणाला, "नाही भाई. असं कुणी इथे राहत नाही."

"आणि तुम्ही?" इच्छुभाईने विचारलं.

"मी परत आलो. ओळख दिली नाही."

लोचो गार होऊन थिजला होता. मला वाटलं, गोष्ट बरी जमली. माणूस गेला, पण चांगला माणूस होता, दयेपोटी चुकला, असं चार लोकांत झालं. त्याचं नाव राहील. मी म्हणालो, "असा होता आपला धनसुख. भाऊबीजेला दारात आलेल्या भावाला त्याच्याच्याने नाही म्हणवलं नाही."

भानुबेनने टोपली बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"ठाकोरभाई," ती म्हणाली, "मला आजवर दिवस माहीत नव्हता. त्याने कधी सांगितला नाही."

"कसला दिवस?"

"धनसुख भाऊबीजेला माझ्याकडे होता. सकाळी नवाला आला, मी टिळा लावला, दुपारी जेवून इथेच आडवा झाला, दिवे लागल्यावर गेला. दर वर्षी तसंच. त्या दिवशी कारखान्यात तुम्ही एकटेच होतात."